विषय: कृत्रिम पायाच्या सैल झालेल्या सॉकेटमुळे जखम आणि चालण्याचा सराव अर्धवट सोडल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

मधुमेहामुळे माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चार महिन्यांपूर्वी त्यांचा कृत्रिम पाय तुमच्याकडून करून घेतला. करारात चालण्याच्या सरावाची आठ सत्रं आहेत, झाली दोन. त्या दोन दिवसांत आलेल्या ताईंनी, गुडघ्याखाली उशी घेऊ नका, गुडघा आखडेल, असं बजावलं होतं. त्याचा खरंच उपयोग झाला. म्हणूनच त्यांचं येणं बंद झाल्याचं जास्त वाईट वाटतं.

पण मोठी तक्रार सॉकेटची, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिची आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने सूज उतरते, स्नायू बारीक होतात आणि उरलेला पाय आटत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी सॉकेट नीट बसायला बाबांना उरलेल्या पायावर एक मोजा पुरायचा. नंतर तीन घातले तरी पाय आत हलायचा. मी फोन केला. "दुखतंय का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर उत्तर मिळालं, "मग वापरत राहा, सवय होईल."

बाबांना दुखणार कसं? मधुमेहाने पायांची संवेदनाच गेली आहे. पहिली जखमही त्यामुळेच लक्षात न येता चिघळली. तुमच्या फॉर्मवर हे लिहून दिलं होतं.

गेल्या सोमवारी रात्री मी मोजा काढायला गेले, तर तो कातडीला चिकटला होता. पाण्याने भिजवून सोडवला. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, नेमकी तिथे अंगठ्याच्या नखाएवढी जखम. आणि बाबा मलाच विचारत होते, "काय झालं गं?"

आता जखम भरेपर्यंत कृत्रिम पाय घालायचा नाही. सगळा भार डाव्या पायावर, आणि त्याचीही संवेदना कमीच आहे. मला रात्री झोप लागत नाही ती या भीतीने.

जखम भरली की नव्याने माप घेऊन सॉकेट विनामूल्य बदलून द्यावा. आधी पारदर्शक चाचणी सॉकेट घालून दाब कुठे पडतो ते आमच्यासमोर तपासावं. उरलेली सहा सत्रं पूर्ण करावीत. फोन घेणाऱ्यांनाही शिकवा: मोजे किती लागतात, कातडी कुठे लाल होते, ती लाली किती वेळ टिकते, हे विचारायचं असतं.

सात दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. जखमेचे फोटो आणि कराराची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एका ग्राहकाची मुलगी