मावशी, तुमचा हिशेब अजून बाकी आहे

मावशींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. मधेच तिला हसू आलं तर येऊ द्या, पण एकही ओळ गाळायची नाही, असं मी तिला आधीच बजावून ठेवलंय. फोनवर बोलले असते तर तुम्ही "जाऊ द्या ना वहिनी, त्यात काय एवढं" म्हणून विषय पावसावर नेला असता. म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण आमच्या घराला वर्षभर कोणी कोणी हात दिला, याची जी नावं गावात तोंडातोंडी फिरतात त्यांत तुमचं नाव नाही. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या टोळीच्या मुकादमबाईचं नाव अशा ठिकाणी कोणी घेत नाही. मला ते घ्यायचंय.

परवा यांचं वर्षश्राद्ध झालं. गेल्या मार्चमध्ये शेवटचा प्लॉट उतरायचा बाकी होता, पहाटे पाणी धरायला गेले आणि बांधावरच झटका आला. दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही. नंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे, थोडक्यात लिहिते. व्यापाऱ्यानं माल उतरवून नेला, निम्मे पैसे दिले, उरलेल्या पैशांसाठी केलेला फोन आजतागायत उचललेला नाही. शेतकऱ्यांसाठीची अपघात विम्याची सरकारी योजना हार्टच्या झटक्याला लागू होत नाही, हे वेगवेगळ्या टेबलांवर ऐकून आले. बँकेतलं खातं यांच्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे वारसाचे कागद होईस्तोवर त्याला हात लावता येईना. आणि श्रावणात दादा गेले. सासरे होते, पण मला सून म्हणून कधी हाक मारली नाही, पोरीच म्हणायचे. मुलामागे त्यांना फार दिवस काढता आले नाहीत.

दहाव्याच्या दिवसापासून घरात सल्ले सुरू झाले. बाग काढून टाका, सोयाबीन करा. वाट्यानं देऊन टाका. दोन एकरांतला एक विका आणि मुलीच्या नावावर ठेव ठेवा. सांगणारी माणसं वाईट नव्हती. कित्येकांनी रात्र रात्र बसून काढली होती. पण बोलणं चालायचं ते दिरांशी, नाहीतर माझ्या भावाशी. मी समोर चहा घेऊन उभी असायचे आणि "हिचं कसं करायचं" असं माझ्यादेखत चालायचं.

एप्रिलमध्ये तुमचा पिकअप दारात लागला. मी कोणाला बोलावलं नव्हतं. यांनीच मागच्या हंगामात तुम्हाला सांगून ठेवलं असणार. बाया उतरल्या, कात्र्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचलेल्या. तुम्ही ओट्यापाशी आलात. मला वाटलं, आता पुन्हा एकदा रडणं होणार. तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात आणि विचारलंत, "वहिनी, किती डोळ्यांवर घ्यायची?"

जे बागायतदार नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एप्रिलच्या खरड छाटणीला ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवर, एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून काडी काढतात. आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मावशी, तुम्ही तर माझं लग्न व्हायच्या आधीपासून कात्री चालवताय. तुम्हाला माझ्याकडून काही शिकायचं नव्हतं. तरी विचारलंत आणि मी उत्तर देईपर्यंत जागच्या हलला नाहीत.

"एक डोळा," मी म्हणाले.

"बरं," तुम्ही म्हणालात आणि बायांना हाक मारून ओळीत शिरलात.

आभार कशाचे, असं कोणी विचारलं तर मी याचे सांगेन. घरात इतकी माणसं येऊन गेली होती, पण मला उत्तर देता येईल असा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मग रोज संध्याकाळी तुमचं सुरू झालं. उद्या माणसं किती आणू? खालच्या अंगानं सुरू करू की विहिरीकडून? काड्या बांधावर टाकू की सरीत? मला काय, मी चिडायचे. एकदा म्हणालेसुद्धा, तुम्हाला सगळं कळतं मावशी, करा की तुमच्या मनानं. "बाग तुमची आहे," एवढंच बोललात. तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून मी यांची फवारणीची वही काढली. तोवर ती उघडायचा धीर झाला नव्हता. त्यांचं ते गिचमिड अक्षर, तारखा, कोणत्या दिवशी काय मारलं, आणि मधेच कुठेतरी माझ्या माहेरच्या लग्नाच्या आहेराचा हिशेब.

पैशांचंही बोलून टाकते. टोळीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यावी लागते, हे मला माहीत होतं आणि घरात रोख नव्हती. तुम्ही म्हणालात, "ऑक्टोबरात बघू." मी तेव्हा इतकी थकले होते की पुढे विचारलंच नाही. दसऱ्याला तुमच्या मुलाच्या बोलण्यातून निघालं, की आमच्या छाटणीची मजुरी तुम्ही दुसऱ्या बागायतदाराकडून अंगावर उचल घेऊन टोळीला चुकती केली होती, आणि ती फेडायला तुम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे पुढे कितीतरी दिवस राबत होतात. सुरगाण्याच्या डोंगरातल्या माणसानं निफाडच्या बागायतदारणीला उसनं दिलं. पावसाळ्यात तुमच्याकडे नागली पुरते की नाही याचा हिशेब असतो, आणि आमच्याकडे दारात ट्रॅक्टर उभा असतो. तुमच्याकडे व्याजाचं बोलणं काढायची माझी छाती झाली नाही, पण ते मी धरलंय. पुढे लिहिते.

मग तो मे महिना. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो, त्यासाठी ऊन लागतं. आणि गेल्या वर्षी मेमध्येच आभाळ फाटलं. मोसमी पाऊस २६ मे २०२५ ला मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. वळवाचा आमच्याकडे त्याआधीपासूनच चालू होता. पानावर डाऊनी रोग, बागेत चिखल, ट्रॅक्टर ओळीत जाईना. फवारणीचा ब्लोअर चालवायला मी त्याच चिखलात शिकले. तुम्ही तोवर भाताच्या आवणीला गावी गेला होतात. टेकडीवर चढून रेंज धरून फोन करायचात आणि "शेंडा मारला का? काडी गोल झाली का चपटी?" असं विचारायचात. पुन्हा प्रश्नच.

त्याच दिवसांत एक चांगलं झालं. १ एप्रिल २०२५ पासून सरकारनं राज्यभर जिवंत सातबारा मोहीम काढली होती, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. आमचा फेरफार त्यात मंजूर झाला. सातबाऱ्यावर माझं आणि मुलीचं नाव लागलं. तो कागद मी तुम्हाला फोटो काढून पाठवला, तुम्ही नातीकडून वाचून घेतलात आणि उलट निरोप पाठवलात, "आता तरी मला विचारू नका म्हणावं." बघा, हसू आलं ना तिला?

घड धरायची ऑक्टोबरची छाटणी मात्र खरी परीक्षा होती. काड्यांचे डोळे तपासून आणले होते. रिपोर्टात घड फारच कमी, तेही कुठल्या काडीत कुठल्या डोळ्यावर याचा मेळ नाही. सल्लागार म्हणत होते काडी लांब ठेवा, शेजारी म्हणत होते गाठीजवळ घ्या. या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हालाही उत्तर माहीत नव्हतं, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी लांब ठेवायला सांगितली. तुम्हाला पटलं नव्हतं, तरी तशीच घेतलीत.

त्याआधी नारळाचा प्रसंग झाला. पहिल्या झाडाशी पूजा करून छाटणीला हात लावायचा, ही आमच्या घरची रीत. चुलतसासूबाई म्हणाल्या, पुतण्याच्या हातून फोडून घेऊ. कोणी जोरात बोललं नाही, पण सगळ्यांना तेच बरं वाटत होतं आणि मीही मागे सरकले होते. कोल्हापुरातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये केला आणि सरकारनं त्याचं अनुकरण करा असं सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं, हे मी पेपरात वाचलेलं होतं. पेपरातलं बांधावर यायला वेळ लागतो. तुम्ही नारळ पुतण्याच्या हातातून घेतलात, माझ्या हातात दिलात, कुंकवाची पुडी उघडून समोर धरलीत आणि म्हणालात, "खोडाला लावा. टोळी खोळंबलीय." भांडलात नाही, भाषण केलं नाहीत. चुलतसासूबाईंनाही त्यात बोलायला जागा राहिली नाही. टोळी खरंच खोळंबली होती. माझं बोट लाल झालं, ते मी दिवसभर धुतलं नाही.

पेस्ट लावायच्या दिवशीचं आठवून अजून हसू येतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात, तिच्यावर दारू घेतली तर माणूस आजारी पडतो. तुम्ही सगळ्या गड्यांना ओळीत उभं केलंत, हातमोजे तपासलेत आणि दम भरलात, की आज कोणाच्या तोंडाला वास आला तर पिकअपमध्ये जागा नाही, घाट चालत चढायचा. तुमचे मालक सगळ्यात मागे उभे राहून जमिनीकडे बघत होते.

बाग फुटली, पण बऱ्याच फुटीवर नुसतं पानच. काही घड फुलोऱ्यात येण्याआधीच जिरले, त्यांच्या बाळ्या, म्हणजे नुसते तणावे, झाल्या. माल एकरी जेमतेम निम्मा निघाला. लांब काडीचा निर्णय बरोबर होता की चूक, ते देवाला माहीत. तुमच्या मते चूक, माझ्या मते बरोबर, आणि या वादात मला मजा येते हे कबूल करते. सोसायटीचं व्याज भरलं, मुद्दल जुनं-नवं करून घेतलं. मालाचे पैसे या वेळी रोख मोजून घेतल्याशिवाय क्रेट हलू दिला नाही. मुलगी दहावीला बसलीय. दिरांशी बोलणं सुरू झालंय, तेही फवारणीवरूनच. दादांची खाट ओट्यावर तशीच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. हे सगळं एकाच वर्षात झालं. गेलं त्याच्यासमोर मिळालेलं मांडून बघायचा प्रयत्न मी केला होता, बेरीज लागत नाही, सोडून दिलं. दोन्ही आहेत.

आता कामाचं. मागची मजुरी तुम्ही घेतलीत, पण उचलीपायी झालेले तुमचे दिवस त्यात धरले नव्हतेत. ते मी तुमच्या मुलाकडून विचारून घेतलेत आणि त्यांचे पैसे तुमच्या नावानं वेगळे काढून ठेवलेत. नको म्हणायचं नाही, वहीत लिहून टाकलंय. पंपाच्या खोलीला दार बसवलंय, कौलं बदललीत, मागे बायांसाठी बंद मोरी आणि संडास बांधलाय. पाण्याची लाईन जोडायची राहिलीय, तुम्ही येईपर्यंत होईल.

खरड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची म्हणते. विहिरीकडून सुरू करू, तिकडचा प्लॉट आधी मोकळा झालाय. एकरी दर वाढवून धरलाय, तो फोनवर ठरवू. उचल किती लागेल ते आत्ताच कळवा, आणि दुसऱ्या कोणाकडे मागायला जाऊ नका. येताना नातीला आणा, तिची परीक्षा तोवर संपलेली असेल.

तुमची,
वहिनी