सकाळी सहाचा ललत

महोदय,

डिसेंबर आला की मी आधी कपाटातली शाल काढते, मग सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या तिकिटाचं बघते. १९५२ मध्ये गायक सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले, रात्रभराच्या मैफलीही गेल्या. नियम योग्यच, पण पहाटेचा ललत राग दुपारी कोण गाणार?

मागच्या खेपेस मारवा राग रंगला होता. शेजारचा मुलगा मोबाइलवर युद्धाच्या बातम्या सरकवत होता. पडकी इमारत, ढिगारा, पुन्हा ढिगारा. मला राग आला. (मध्यंतरात मीही तेच पाहत होते म्हणा!) गायक कोमल रिषभाच्या सुरावर रेंगाळला, तेव्हा त्याने मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. गाण्याने तोफा थांबत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असणार.

२०२० आणि २०२१ च्या डिसेंबरात मांडव पडलाच नाही. जुनी ध्वनिमुद्रणं लावून मी घरी मटार सोलत बसले होते. आयोजकांना एकच विनंती: एखादं सत्र सकाळी सहाला ठेवा. तेव्हा पुण्यात अजून अंधारच असतो. चहाचा थर्मास घेऊन मी येईन.

– एक श्रोती, पुणे