देवघरातला झिरोचा दिवा

गिरगाव, मुंबई
२० जुलै

प्रिय विद्या,

परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्याकडेही लाईट कमी-जास्त होतेय, आणि तेवढ्यात आईच्या डोळ्यांत ड्रॉप घालायची वेळ झाली म्हणून मी फोन ठेवला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. आमच्याकडे गेल्या महिन्यात जे झालं ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. नीट वाच आणि भाऊजींनाही वाचायला दे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. एके दिवशी सकाळी म्हणाली, "अगं, देवाजवळचा दिवा मधेच मोठा होतोय." मी हॉलमध्ये बसले होते आणि हॉलचा दिवा जागच्या जागी होता. मला वाटलं, नवीन भिंग बसवलंय, उजेड वेगळा दिसत असेल. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी डोळा तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तरी आई तेच म्हणायची. मग चार दिवसांनी म्हणाली, "सुमन आंघोळीला गेली की दिवा मोठा होतो."

विद्या, मी गप्प बसले. सुमनकाकू आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या आंघोळीचा आणि आमच्या देवघराचा काय संबंध? वय झालंय, असं मनात आलं माझ्या. हे तुलाच लिहू शकते.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातली ट्यूब लपलपायला लागली आणि पंख्याचा आवाज बदलायला लागला. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा आला, ट्यूब बदलली, बोर्ड उघडून स्क्रू आवळले. एक न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू खरंच ढिला होता, त्यामुळे मला वाटलं सापडलं एकदाचं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर जळाला, तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही गेला. आमचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, मात्र एकदाही पडला नाही, म्हणून मी निर्धास्त होते. तो जास्त करंट ओढला गेला की पडतो, व्होल्टेज वाढलं तर त्याला कळतच नाही, हे मला नंतर समजलं. शॉकपासून वाचवणाऱ्या ईएलसीबीचंही तसंच, तो फक्त विजेची गळती पाहतो.

शेवटी अंतूकाकांना बोलावलं. आठवतात ना? आपल्या लहानपणी चाळीत गणपतीची रोषणाई तेच करायचे. आता सत्तरी ओलांडली, पायऱ्या चढताना कठड्याला धरतात. आल्या आल्या बोर्डाकडे गेलेच नाहीत. आईजवळ बसले आणि विचारलं, "वहिनी, काय दिसतं ते सांगा." आईने दिवा आणि सुमनकाकूंची आंघोळ, दोन्ही सांगितलं. काका एकदम ताठ बसले. "मंद होतो की मोठा?" "मोठा. आणि आपला गिझर लावला की बारीक." काका उठले, आमचा मेन बंद केला, आणि मला म्हणाले, "पोरी, सगळ्या खोल्यांत जाऊन सांग, फ्रिज, टीव्ही, जे असेल त्याचे प्लग काढा."

कारण त्यांनी नंतर समजावलं, तेच तुला सांगते. बिल्डिंगला वीज तीन फेजनी, म्हणजे तीन वेगळ्या जिवंत तारांनी येते. कुठल्याही दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्ट आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये २३०. आपल्या खोल्या या तीन फेजवर वाटलेल्या असतात, पण न्यूट्रल सगळ्यांना एकच. तीन बाजूंनी रस्सीखेच चाललीय आणि मधली गाठ खुंटीला बांधलीय असं समज. ती खुंटी म्हणजे न्यूट्रल. खुंटी ढिली झाली की ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे गाठ सरकते. सुमनकाकूंचा गिझर दुसऱ्या फेजवर. तो लागला की गाठ त्यांच्याकडे, म्हणजे त्यांचं व्होल्टेज उतरतं आणि आमचं चढतं. ज्या फेजवर नुसते एक-दोन दिवे चालू असतील, त्या फेजवरच्या घरांना सगळ्यात जास्त मार. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर ते ४०० च्या जवळही गेलं असतं.

नुसती फेज कमजोर असली किंवा वायर बारीक असली की दिवे फक्त मंद होतात. उजेड *वाढला* तर न्यूट्रलवरच संशय घ्यायचा. आई पहिल्या दिवसापासून नेमकं तेच सांगत होती.

आणि ते मला का दिसलं नाही? हॉलमधला एलईडी बऱ्यापैकी चांगला आहे. त्याच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे वीज सांभाळणारं छोटं सर्किट, व्होल्टेज खालीवर झालं तरी उजेड सारखा ठेवतो. देवघरात मात्र बाबांनी लावलेला झिरोचा बल्ब अजून तसाच आहे, तारेचा. नावाला झिरो, खातो पंधरा वॅट. तारेच्या दिव्याचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढलं तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त वाढतो. आख्ख्या घरात खरं बोलणारा तेवढा एकच दिवा होता, आणि त्याच्यासमोर रोज तासभर बसणारी एकटी आई.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आले. आमच्याकडचे सगळे प्लग काढलेले, फक्त देवाजवळचा दिवा लावला. मीटरवर २३८. मी वर हाक मारली, काकूंनी गिझर लावला, आकडा थेट २७१ वर! झिरोचा दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. काकूंचा बंद करून आमचा गिझर क्षणभर लावला तर १९६. आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग मीटररूम. तीच, लाकडी जिन्याखालची, जिथे तू लपंडावात दडून बसायचीस आणि मला भीती वाटायची. आता तिथे चिनी मातीचे फ्यूज नाहीत, पण वास तसाच, ओल्या भिंतीचा. त्यात आणखी एक वास होता, जळक्या बॅकेलाइटचा. काकांनी दारातूनच टॉर्च मारला. केबलचा न्यूट्रल जिथे पितळी पट्टीला बोल्टने जोडलाय, तिथे मागचा बोर्ड तपकिरी पडला होता आणि वायरच्या टोकाला पांढरी भुकटी. मला ते उघडून बघायचं होतं, त्यांनी हात धरून मागे ओढलं. न्यूट्रल आहे म्हणून हात लावायचा नाही, सुटलेल्या न्यूट्रलचाही शॉक बसू शकतो. तिथूनच तक्रारीचा फोन लावला.

वीजवाले आले, आख्ख्या बिल्डिंगची वीज बंद केली तेव्हा सगळं दिसलं. जुनी अॅल्युमिनियमची केबल. अॅल्युमिनियम मऊ, बोल्टखाली दाबून दाबून हळूहळू पसरतं, गरम-थंड होऊन सांधा ढिला पडतो. वर त्याच्यावर हवेने धरणारा गंजासारखा थर वीज वाहू देत नाही. त्यात आपल्याकडची खारी हवा आणि जिन्याच्या बाजूने झिरपणारं पावसाचं पाणी. सांधा ढिला म्हणून तापतो आणि तापतो म्हणून आणखी ढिला होतो. जळलेला तुकडा कापला, तांबं-अॅल्युमिनियम दोन्हींसाठी असतो तो लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवला, पट्टी बदलली. दुपारी तिन्ही फेजवर २३२ ते २३५. चाळ कमिटीने गळतीचं काम आता घेतलंय, तेही मागे लागून लागून.

आता तुझं. एकच दिवा लुकलुकत असेल तर बहुधा होल्डर नाहीतर दिव्यातला ड्रायव्हर, तेवढं बदलून घे. बटण बंद असताना एलईडी मिचमिच करत असेल तर बहुतेक बटणातल्या इंडिकेटरमुळे. फ्रिज चालू होताना क्षणभर उजेड दबला तर त्यातही फारसं काही नाही. पण घरभर होत असेल, काही दिवे मंद आणि काही प्रखर होत असतील, किंवा शेजाऱ्यांकडेही तसंच असेल, तर वाट बघू नकोस. मेन बंद कर आणि लगेच वीजवाल्यांना कळव. भाऊजींना हौस आहे हे मला माहीत आहे, पण त्यांना मीटरच्या पेटीला हात लावू देऊ नकोस.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि म्हटलं, "मी तुझं ऐकलं नाही." ती वात वळत होती. म्हणाली, "सुमनला विचार, टीव्ही त्यांचा तर नाही ना गेला?"

पत्र मिळालं की आधी घरातून एक फेरी मार आणि मग मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. आईने तुला आशीर्वाद सांगितलेत. पोरांना गोड पापा.

तुझीच,
मंगल