दाढीवालीची बातमी

प्रिय सुन्या,
स. न.

तीन महिने पत्र नाही, अपराधी वाटतंय रे. तब्येत ठीक, गुडघे होते तसेच. पण परवा घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सकाळी कुंपणाच्या तारेवर रॉबर फ्लाय, ती शिकारी माशी, दिसली. आपली दाढीवाली! उडती घरमाशी हवेतच पकडून आणलेली, पायांत आवळलेली, सोंड मानेशी खुपसलेली. माशी दोनदा थरथरली आणि गार. लाळेतलं विष आधी लुळं पाडतं, मग आतलं सगळं पातळ होतं, ते ती शोषते. तोंडावरच्या राठ केसांमुळे भक्ष्याच्या धडपडीचा मार चेहऱ्याला लागत नाही, हे तूच प्रॅक्टिकलला दाखवलंस. माझी काचेची डबीही तूच फोडलीस, विसरलो नाहीये!

त्याच दुपारी चिमीचा डेंग्यूचा रिपोर्ट आला. आता ताप उतरलाय, प्लेटलेट्स वाढतायत. पण सोसायटीचा सेक्रेटरी मी. घाबरून धुराच्या फवारणीवर सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी तारेखाली दाढीवाली, पाय वर करून. आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अळ्या, डोकी खाली, श्वासाची नळी पाण्याला टेकवून लटकलेल्या. बॅटरी मारली तर वळवळत तळाला गेल्या. धूर त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ट्रे स्वतः घासला. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काठाला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात.

तू भांडायचास, डासाची मादी सभ्य, अंड्यांपुरतं रक्त घेते, जीव घेत नाही. दाढीवालीचे नर-मादी दोघेही खुनी. दोघी एकाच गोत्रातल्या, दोन पंख आणि मागे तोल सांभाळणाऱ्या गुंड्या, हे मान्य. पण एकीच्या लाळेतून विषाणू माझ्या पोरीच्या रक्तात गेला, सुन्या. मला ती सभ्य वाटत नाही. दाढीवालीने डेंग्यू थांबला नसता, ती मधमाश्याही धरते, तेही कळतं. तरी तिला मी मारलं आणि हिला घरात पोसलं, हे डोक्यातून जात नाही.

रविवारी मीटिंग आहे. लोकांना पुन्हा धूर हवाय, डोळ्यांना दिसतो म्हणून. मी घरोघरी ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा बघायला जाणार म्हणतोय. माझं ऐकतील का? तू असतास तर खडूने फळ्यावर अळी काढून गप्प केलं असतंस सगळ्यांना. ते चित्रच काढून पाठव, रविवारच्या आत.

तुझी बदली झाली का? काकूंचा मोतीबिंदू? वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या