सिस्टर, रात्री साडेअकराच्या त्या फोनसाठी

सिस्टर,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाहीये, पण आपल्या सोसायटीत सगळ्यांना कळेलच कोणाबद्दल आहे ते. तोंडावर सांगायला गेले की मला रडू येतं आणि तुम्ही लगेच "चहा टाक गं" म्हणून विषय बदलता, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

पहिल्या वेळी मी रीतीप्रमाणे माहेरी गेले होते. तालुक्याचं गाव, आईच्या ओळखीचं छोटं हॉस्पिटल, डॉक्टर अगदी मायेचे. बाळ ३ किलोचं, छान रडलं. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शी झालीच नव्हती, होईल होईल म्हणत संध्याकाळ झाली, मग रात्री अ‍ॅम्ब्युलन्स, मी टाक्यांसकट मागे बसलेली, आणि नाशिकला पोचेपर्यंत त्याचं आतडं फुटलं होतं. मी कोणाला दोष देत नाही, त्यांनी असं बाळ कधी बघितलंच नव्हतं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी सांगितलं की पहिली शी लुकणासारखी घट्ट होऊन आतच अडकली होती, त्यावरून त्यांना सिस्टिक फायब्रोसिसची, म्हणजे अंगातले स्राव चिकट-घट्ट होतात त्या जन्मजात आजाराची, शंका आली आणि त्यांनी रक्त पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा आमच्या मुलाला जाऊन नऊ दिवस झाले होते.

मग आमची दोघांची टेस्ट. दोघंही कॅरिअर, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष, पण स्वतःला आजार नाही. दोघांच्याही कागदावर त्या दोषाचं नाव तेच, डेल्टा एफ ५०८. आम्हाला दोघांना काहीच त्रास नाही, घराण्यात कोणाला नाही, नात्यातलं लग्न नाही, तरी लोक विचारायचेच की मामाच्या मुलाशी केलंस का. दोघंही कॅरिअर असले की बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक, पण चारात एक म्हणजे नेमकं काय तेही मला तुमच्याकडूनच कळलं. एकाला झालं म्हणजे पुढच्या तिघांना नाही असं नसतं, प्रत्येक खेपेला चिठ्ठी नव्याने काढायची.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पोटातलं पाणी काढून करतात ती टेस्ट आम्ही नको म्हटलं, का ते आमच्यापाशीच राहू दे. पण मग प्रश्न उरला की बाळंतपण कुठे. आई म्हणे माहेरीच ये, या वेळी मोठ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवू. सासूबाई म्हणत ठाण्याला नणंदेकडे जाऊन राहा, मुंबईत सगळं आहे. हे तर गप्पच. तुम्ही मेथी निवडत होतात आणि मान वर न करता म्हणालात, "बाळ पोटात आहे तोवर त्याला न्यायला सोपं असतं गं, बाहेर आलं की एकेक किलोमीटर त्याला भारी पडतो." तेवीस वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, काढलेल्या बाईने सांगितलं, मग मला पटलंच. मुंबईला तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत की कळा रात्री दोनला सुरू झाल्या आणि तू अजून नाशिकमध्येच असलीस तर कसारा घाट कोण उतरवणार.

मग हॉस्पिटलला काय काय विचारायचं ते तुम्ही लाईट बिलाच्या मागे लिहून दिलंत. लहान मुलांचा सर्जन त्याच इमारतीत येतो का. रात्री येतो का. एनआयसीयू वरच्या मजल्यावर आहे की रस्त्यापलीकडे. अडकलेली शी औषधाच्या एनिम्याने सोडवून बघायची सोय आहे का, कारण कधीकधी त्यानेच मोकळं होतं आणि ऑपरेशन टळतं. आमचे रिपोर्ट फाईलला आधीच लावून ठेवायचे, म्हणजे बाळाच्या रक्तात काय शोधायचं ते लॅबला माहीत असतं. आणि सिझर फक्त या आजारासाठी लागत नाही, उगाच घाबरू नको. ते बिल अजून फ्रीजवर आहे.

आणि तो फोन. दिवसा सगळेच हो म्हणतात, रात्री साडेअकराला लावून बघ, असं म्हणून तुम्हीच माझ्या शेजारी बसून स्पीकरवर लावलात. एका ठिकाणी कोणी उचललाच नाही. दुसरीकडे म्हणाले सर बाहेरून येतात, सकाळी विचारा. तिसरीकडे फोनवरच्या मुलीने विचारलं, "बाळ झालंय का व्हायचंय?" आणि व्हायचंय म्हटल्यावरही तिने सरळ एनआयसीयूला जोडून दिलं. तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, इथे.

आईला तुम्ही कसं पटवलंत ते मला नंतर कळलं. "बाळंतीण तुमचीच आहे, तुम्ही इकडे या, डिंकाचे लाडू नाशिकलाही वळता येतात." आई दोन डबे आणि शेगडी घेऊन आली.

फेब्रुवारीत पहाटे मुलगी झाली. पुढचे अकरा तास घरातले सगळे एका शीची वाट बघत होते. तुम्ही स्वतः डायपर उघडा धरून कॉरिडॉरमध्ये आलात, काळीभोर शी, आणि आई तिथेच खाली बसली. तुम्ही मात्र सगळ्यांना गप्प केलंत, शी झाली म्हणजे आजार नाही असं होत नाही, रिपोर्ट येऊ दे.

रिपोर्ट एकोणिसाव्या दिवशी आला. आहे तिला. घामातलं मीठ मोजतात त्या टेस्टमध्येही क्लोराईड ६० च्या वरच आलं, म्हणजे आजार पक्का. त्या दिवशी मी खूप रडले, पण सिस्टर, ती माझ्या मांडीवर होती. दूध पचायला लागणारे एन्झाईमचे दाणे तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले, चमच्यात थोड्या सफरचंदाच्या गरातून, वरून अंगावरचं दूध, आणि नंतर हिरडीवर एकही दाणा राहिला नाही ना ते बोटाने बघायचं, नाहीतर तोंड सोलतं, तेही तुम्हीच शिकवलंत. एप्रिलच्या उन्हात पापा घेतला की ओठांवर मीठ यायचं, डॉक्टरांनी दिलेलं मीठ मोजून पाजायचे. आज ८ किलो ४०० ग्रॅम आहे.

रविवारी तिचं बोरन्हाण आहे. सर्दीखोकला असलेल्या कोणीही येऊ नका असं मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय, कोणाला राग आला तर येऊ दे. हलव्याचे दागिने आईने केलेत. बोरं-चुरमुऱ्याची पहिली ओंजळ तुम्ही घालायची आहे, पाच वाजता, आणि चहा मीच टाकणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची