बाळंतिणीला घरी पाठवण्याआधी एकदा पाजताना पाहा

संपादक महोदय,

प्रसूती सुखरूप झाली, बाळाचे वजन नोंदवले, कागदांवर सह्या झाल्या की डिस्चार्जची घाई सुरू होते. अंगावर पाजण्याच्या अडचणी मात्र बहुधा त्यानंतरच येतात. सुरुवातीला येतो तो चीक. थोडाच, पण निरोगी बाळाला तेवढा पुरतो. दूध भरून येते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा. तेव्हा छाती दगडासारखी घट्ट होते, बाळाला नीट धरता येत नाही, बोंडीला चिरा पडतात. आणि विचारायचे कोणाला? रात्री बाळ रडायचे थांबत नाही, कोणीतरी ‘दूध पुरत नसेल’ म्हणते आणि पावडरचा डबा उघडतो. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि ओढणे कमी झाले की दूधही कमी होत जाते.

आई-बाळाची तपासणी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत पुन्हा व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस आहे. त्या तपासणीत केवळ टाके पाहून भागणार नाही. जाणत्या परिचारिकेने शेजारी बसून बाळ पिताना पूर्ण वेळ पाहावे. तोंड मोठे उघडले आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, बोंडीबरोबर भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला आहे का, गिळल्याचे कळते का. कित्येकदा बाळाला जरासे जवळ घेतले, बाजू बदलली, की आईचा कळवळलेला चेहरा सैल होतो. हे भिंतीवरच्या तक्त्याने साधत नाही.

घरच्यांनाही खुणा सांगायला हव्यात. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणे, पाचव्या दिवसापासून निदान सहा वेळा लघवी. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, दोनेक आठवड्यांत भरून येते. बाळ पाजायलाही जागे होत नसेल, लघवी कमी असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. काही बाळांना वरच्या दुधाची खरोखरच गरज असते. त्यासाठी आईला बोल लावणे क्रूरपणाचे आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर लिहिलेला असावा.

आपली,
एक वाचक