‘उपयोग काय?’ हा रकाना रिकामा राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काहीही उपयोग नसलेल्या वेबसाइट बनवणाऱ्या तरुणांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने या पोरांची बाजू घेतली, त्याबद्दल आभार. पण बाजू घेताना पुढे केलेला मुद्दा मला पटला नाही. म्हणे असल्या खटाटोपातून कोडिंग पक्कं होतं, मुलाखतीत दाखवायला काहीतरी हाताशी राहतं, पुढेमागे नोकरी लागते. मग ज्याला नाही लागली, त्याचा वेळ फुकट गेला म्हणायचं का? बचाव करायचाच असेल तर ती गोष्ट बिनकामाची आहे हे मान्य करून करावा.

मी एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या अर्जात आमच्याकडे ‘प्रकल्पाचा उपयोग’ असा एक रकाना असतो. विषय दरवर्षी तेच: ग्रंथालय व्यवस्थापन, हजेरी, रुग्णालयाची नोंदणी, ऑनलाइन कँटीन. रकान्यात समाजाच्या भल्याच्या ओळी भरभरून. यातलं एकही सॉफ्टवेअर आमच्या स्वतःच्या ग्रंथालयात कधी चाललं नाही, तिथे अजून लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टरच आहे. गेल्या वर्षीच्या फाइलला नवं मुखपृष्ठ लावलं की प्रकल्प झाला.

आणि हीच मुलं रात्री वसतिगृहात वेगळंच काहीतरी करत बसलेली असतात. एकाने ‘आज एकादशी आहे का?’ असं पान बनवलं. पांढऱ्या पानावर मधोमध एकच शब्द. बहुतेक दिवशी ‘नाही’, महिन्यातून साधारण दोनदा ‘आहे’, आणि त्या दिवशी वरून साबुदाण्याचे दाणे टपकतात. बस्स. नाताळासाठी अशीच एक इंग्रजी साइट फार पूर्वीपासून आहे. ती २५ डिसेंबर सोडला तर वर्षभर इमानाने ‘नाही’ सांगते. कल्पना तिथून उचललेली. पण नाताळाची तारीख ठरलेली. एकादशीने पोराचा घाम काढला.

पान ‘नाही’ म्हणतंय आणि घरात खिचडी शिजतेय, असं झालं तर सगळी मजाच जाते. म्हणून गणित आलं. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी. हे अंतर १२० ते १३२ अंश असताना शुद्ध एकादशी, ३०० ते ३१२ असताना वद्य. इथवर सोपं. पण तिथी काही रात्री बाराच्या ठोक्याला बदलत नाही, आणि ती नेमकी चोवीस तासांचीही नसते. दिवसाची तिथी बघायची सूर्योदयाला. मग कधी एकादशी लागोपाठ दोन सूर्योदयांना सापडते, कधी एकालाही नाही, त्यात स्मार्त आणि भागवत (वैष्णव) या दोन परंपरांच्या एकादशीचे दिवस अधूनमधून वेगळे पडतात. शिवाय सूर्योदय कुठला धरायचा? मुंबई आणि नागपूर यांच्यात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक. पोराने पंचांग मिळवलं, शेवटी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, “भिंतीवर कालनिर्णय लटकतंय ना रे?”

बरोबरच आहे त्यांचं. पान बिनकामाचं आहे याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही. तरीही स्मार्त-भागवताचा घोळ सुटेपर्यंत पोरगं झोपलं नाही. इतकी चिकाटी मी ग्रंथालय व्यवस्थापनाच्या एकाही प्रकल्पात पाहिलेली नाही. पुढे त्याने हाच विषय अर्जात लिहून दिला, तर ‘समाजोपयोगी नाही’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला. मग त्याने हजेरीचं सॉफ्टवेअर केलं. चांगले गुण मिळाले.

लोक असलं का करतात, याचं मला दिसणारं कारण एकच आहे: तिथे मागणारं कोणी नसतं. नोकरीतल्या प्रोग्रामरला ग्राहक असतो, साहेब असतो, ‘ते बटण जरा डावीकडे घ्या’ असं तिसऱ्यांदा सांगणारा कोणीतरी असतो. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, मोहरी पेरून शेत उगवतात, मावळे मांडतात, आल्यागेल्याला दाखवतात, तसं हे. किल्ल्याचा उपयोग कोणी विचारत नाही. मोठ्या वयात तेच केलं की मात्र रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!

हे आजकालचं खूळ आहे, असा सूर लेखात होता. तसं नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा लावला होता. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा तिथल्या लोकांचा वैताग. इथपर्यंत उपयोग होता असं म्हणू. पण १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि ज्यांना त्या कॉफीचा घोटही मिळणार नव्हता असे लोक जगभरातून बघायला लागले. चित्र कसलं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, करड्या रंगाचं. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते कॉफीचं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. वेबकॅमचा जन्म इथला, असं लगेच सांगितलं जातं. म्हणजे पुन्हा उपयोगाची शेपटी जोडणं आलंच.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या नोलन रॉयल्टी यांचं. त्यांनी जून २०२४ मध्ये एका पानावर दहा लाख चौकटी मांडल्या. तुम्ही एकीवर टिचकी मारली की जगातल्या सगळ्यांच्या पडद्यावर ती भरलेली दिसणार, दुसरा कोणीतरी ती पुसणार. एवढंच! लोक अक्षरशः तुटून पडले. काही पोरांनी तर भरलेली चौकट एक आणि मोकळी शून्य असं धरून त्या पसाऱ्यात संदेश लपवले. साइट हॅक झाली की काय, असं रॉयल्टी यांना आधी वाटलं. खरा प्रकार कळल्यावर ते खूश झाले. दोन आठवड्यांनी त्यांनी साइट बंद केली. कोणाचं काही अडलं नाही.

लेखात अॅलेक्स ट्यू या इंग्रज विद्यार्थ्याच्या २००५ मधल्या पानालाही याच पंगतीत बसवलं आहे. त्याने दहा लाख ठिपके डॉलरला एक या भावाने जाहिरातींसाठी विकले आणि १० लाख ३७ हजार १०० डॉलर जमवले. डोकं अफाट, पण तो धंदा होता. त्याची नक्कल करणारे पुष्कळ निघाले, ते पैशासाठीच. एकादशीवाल्याला त्यांच्यात बसवू नका.

एका बाबतीत मात्र लेख फारच त्रोटक वाटला. पूर्वी वेबवर स्वतःचं पान बनवणं सोपं होतं. वेब जिथे जन्मलं त्या सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं, परवानगी नाही की पैसे नाहीत. दुसऱ्याचं पान कसं बनलंय ते ब्राउझरमध्येच उघडून बघता येतं. कित्येक जण तसंच शिकले. जिओसिटीज या फुकटात पान थाटू देणाऱ्या साइटवर लाखो लोकांनी भडक रंगांची, लुकलुकत्या चित्रांची पानं थाटली होती. याहूने १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेत ती सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवलं तेवढं वाचलं. आता आपण सगळे मोठ्या कंपन्यांच्या एकसारख्या चौकोनांत फोटो टाकतो आणि किती जणांना आवडला ते मोजतो. एकादशीच्या पानावर आवडलं-नावडलंचं बटणच नाही. ते लावायचं त्या पोराला सुचलंही नाही.

अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी आपलं दैनिक वाचत असतील, म्हणून हा पत्रप्रपंच. उपयोगाचा रकाना काढा, असं माझं म्हणणं नाही. सरकारी नमुना आहे, निघायला दहा वर्षं लागतील. त्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलेला एखादा अर्ज आला, तर तो तेवढ्या कारणासाठी परत पाठवू नये, एवढीच विनंती.

आपला,
एक अध्यापक, सांगली